आवक शिक्क्यावरची तारीख

वणी तालुक्यातील एका शेतकरी वाचकाने विचारले आहे की, गावालगतच्या खुल्या कोळसा खाणीच्या विस्ताराला त्यांनी जनसुनावणीत लेखी हरकत दिली, तिची पोचही जपून ठेवली, तरी खाणीला पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली. तहसील कार्यालयात जमिनीच्या अकृषिक, म्हणजे बिगरशेती, वापराविरुद्ध केलेल्या अर्जाला उत्तर नाही, तेव्हा पोळा आटोपल्यावर हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, जावे काय? अशी पत्रे यवतमाळ-चंद्रपूरकडून वरचेवर येतात आणि बहुतेक उशिरा येतात.

पोळ्याची वाट पाहू नये. राष्ट्रीय हरित लवाद अधिनियम, 2010 च्या कलम 16 प्रमाणे मंजुरी कळविली गेल्यापासून 30 दिवसांत अपील करावे लागते. पुरेसे कारण दाखविल्यास लवाद पुढील 60 दिवसांपर्यंत ते दाखल करून घेऊ शकतो. मात्र त्यानंतरचा एका दिवसाचाही विलंब माफ करण्याचा अधिकार लवादाला नाही, मग हरकत कितीही रास्त असो.

सारा प्रश्न ‘कळविली गेली’ या दोन शब्दांचा आहे. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासण्याच्या, 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे कंपनीने मंजुरीची जाहिरात वृत्तपत्रांत द्यायची असते, प्रत ग्रामपंचायतीला पाठवायची असते आणि ग्रामपंचायतीने ती 30 दिवस फलकावर लावायची असते. आपण प्रत 5 जुलैला पाहिली म्हणून तेथून दिवस मोजत आहात. पण आपणच पाठविलेल्या छायाचित्रात, रेशनच्या यादीखाली अर्धी झाकलेल्या त्या प्रतीवर 12 जूनचा आवक शिक्का स्पष्ट दिसतो. त्या तारखेपासून 90 वा (30 अधिक 60) दिवस 10 सप्टेंबरला येतो. कंपनीची जाहिरात त्याआधी, समजा 3 जूनला, आली असेल तर तो 1 सप्टेंबरलाच येईल, आणि कंपनीचे वकील सर्वांत आधीची तारीखच धरतील यात मला शंका नाही. फलकावर दोन महिने लागलेल्या कागदावरचा शिक्का वाचायला आपणास फुरसत मिळू नये, याचे नवल वाटते.

पहिले 30 दिवस तर गेलेच आहेत, त्यामुळे अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज द्यावा लागेल. पेरणीच्या घाईचे कारण लवादाला पुरेसे वाटेल, अशी खात्री मी देणार नाही. पेरणी सगळ्यांचीच असते. तहसीलमधील अर्जाची पोच जोडावी, तिचा थोडाफार उपयोग होऊ शकेल. मात्र अकृषिक परवानगी हा जमीन महसूल संहितेचा विषय आहे आणि पर्यावरणविषयक मंजुरी 1986 च्या पर्यावरण अधिनियमाखालची. ती तहसीलदार रद्द करू शकत नाहीत, त्यामुळे तेथील उत्तराची वाट पाहण्यात गेलेले दिवस वायाच गेले.

जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. गावाने एकमुखाने विरोध केला तरी मंजुरी मिळू शकते. परंतु तेथे मांडलेल्या पर्यावरणविषयक हरकतींना कंपनीने आघात मूल्यांकनाच्या अंतिम अहवालात उत्तर द्यावे लागते. विहिरींचे पाणी खोल जाईल, ही आपली हरकत इतिवृत्तात नोंदली आहे का आणि अहवालात तिला काय उत्तर दिले आहे, ते तपासावे. उत्तरच नसेल किंवा ‘उपाययोजना करण्यात येईल’ एवढ्यावर भागविले असेल, तर अपिलाचा तोच मुख्य मुद्दा करता येईल. लवाद मंजुरी रद्द करील, स्थगिती देईल की नुसत्या अटी वाढवील, हे आजच सांगणे कठीण आहे.

सुरुंगाच्या हादऱ्याने विहिरीच्या कठड्याला गेलेल्या भेगेची भरपाई या अपिलात मागू नये. तिच्यासाठी कलम 15 खाली स्वतंत्र अर्ज आहे, त्याची मुदत पाच वर्षांची आहे. तेथे घाई नाही.

आज मात्र ग्रामपंचायतीत जाऊन आवक नोंदवहीच्या त्या पानाची सहीशिक्क्यानिशी नक्कल मागावी, आणि ग्रामसेवक जागेवर नसतील तर मागणीचा अर्ज देऊन त्यावर पोच घेतल्याशिवाय परतू नये. पुण्याचे खंडपीठ दूर असले तरी अपील ऑनलाइन दाखल करता येते.