माणूस स्वतःच्या पैशाने मटका-लॉटरी खेळतो, मग त्यात समाजाचं नुकसान काय?

'स्वतःच्या पैशाने' असं तोच म्हणतो, ज्याने कधी उधारीची वही सांभाळलेली नाही.

सोलापुरात आमचं किराणा दुकान होतं. गिऱ्हाईक यंत्रमाग आणि विडी कामगारांचं. आठवड्याचा पगार हातात पडला की बरेच जण आधी टपरीवर मटक्याची जोडी, म्हणजे 00 ते 99 मधला दोन अंकी आकडा, लावायचे. ओपन, म्हणजे आधी निघणारा आकडा, फसला की भरपाईला क्लोजवर, म्हणजे नंतरच्या आकड्यावर, डबल. मग रात्री बायको दुकानात येणार, दिवसभर विड्या वळून बोटं काळी पडलेली. पावशेर तूरडाळ, सुट्टं तेल, "शेठ, मांडून ठेवा." एकीने तर तांब्याची घागर गहाण म्हणून गल्ल्याशेजारी आणून ठेवली. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, घागर परत दिली आणि माल बांधून दिला. पण तिची पोरगी सातवीत शाळा सोडून विडीची पानं कातरायला बसली. यात नवऱ्याचे 'स्वतःचे' पैसे कुठले?

जोडीचा भाव एकास नव्वद. सगळ्या शंभर जोड्यांवर एकेक रुपया लावा, नव्वद परत मिळतात, दहा बुकीच्या घशात. हे रोज चालतं. नशीब कुठून येणार त्यात?

आमच्या काकांना मटक्याचे आकडे घेणाऱ्या चिठ्ठीवाल्याला दुकानाच्या पायरीवर बसवायचं होतं. "लोक खेळणारच, कमिशन तरी मिळेल." अण्णा नाही म्हणाले, त्यावरून भाऊ वेगळे झाले. काका आजही म्हणतात, तेव्हा ऐकलं असतं तर दुकान टिकलं असतं. काका, ते कमिशन आपल्याच बुडीत उधारीतून येणार होतं! अण्णांनी केलं तेच बरोबर होतं, आणि मला त्याचा अभिमान आहे.

सरकारी लॉटरी चालते मग मटका का नको, हेही लोक विचारतात. महाराष्ट्राची लॉटरी 1969 पासून आहे. 1998 च्या केंद्राच्या कायद्याने एका आकड्यावर बक्षीस आणि एकाच लॉटरीच्या आठवड्यातून एकापेक्षा जास्त सोडती, दोन्हींना मनाई केली. घर बुडतं ते रोजच्या, झटपट खेळाने, हे कायदा करणाऱ्यांनाही कळलं होतं. दिवाळी बंपरचं एखादं तिकीट घेणाऱ्याला मी जुगारी म्हणत नाही, तेवढं मान्य.

तुमच्या घरात कुणी खेळत असेल तर बुकीची देणी तुम्ही फेडू नका. फेडलीत की त्याला पुन्हा उधारीवर आकडा लावू देतात. आणि कमिशनच्या गोष्टी सांगणारा काका घरात असेल, तर त्याला आधी वाण्याची वही दाखवा.