आपल्या गल्लीत आधी कोण राहत होतं?

प्रश्न : ताई, नमस्कार. इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या हायफिल्ड्स भागात आम्ही काही वर्षांपूर्वी जुनं घर घेतलं. भिंतीला भिंत लागून असलेल्या लाल विटांच्या घरांची ही ओळ आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात युरोपातलं युद्ध संपल्याला ८० वर्षं झाली, तेव्हा गल्लीत टेबलं मांडून जेवण झालं. पताका लावल्या, मुलांना त्या काळचे कपडे घातले, जुनी गाणी वाजवली. पुढच्या वेळी प्रत्येक दारावर १९४५ मध्ये तिथे राहणाऱ्यांची नावं लावायची असं ठरलंय आणि ते काम मी अंगावर घेतलंय. सासूबाई म्हणतात, "त्यांचं युद्ध, त्यांचा उत्सव, आपला काय संबंध?" नावं शोधायची कुठे, आणि सासूबाईंना सांगू काय?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. मिडलंड्समधल्या एका सार्वजनिक वाचनालयात, स्थानिक इतिहासाच्या टेबलामागे माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. "आमच्या घरात आधी कोण राहायचं हो?" असं विचारत येणारी माणसं मला सगळ्यांत जास्त आवडायची.

सुरुवात १९३९ च्या राष्ट्रीय नोंदवहीपासून करा. युद्ध सुरू झाल्यावर महिन्याभरातच, २९ सप्टेंबर १९३९ या दिवशी, ओळखपत्रं देण्यासाठी सरकारने घरोघरची नोंद केली. नाव, जन्मतारीख, लग्न झालंय का, काम काय, सगळं त्यात आहे. त्या काळासाठी दुसरा असा आधार नाही. १९३१ च्या जनगणनेचे कागद १९४२ च्या डिसेंबरात हेज इथल्या गोदामाला लागलेल्या आगीत जळाले (बॉम्बने नव्हे, साध्या आगीने), आणि १९४१ ची जनगणना युद्धामुळे झालीच नाही. ही नोंदवही वंशावळीच्या संकेतस्थळांवर पैसे भरून बघता येते. पण आधी जवळच्या वाचनालयात विचारा, तिथल्या संगणकावर बऱ्याचदा फुकट मिळते. नाव माहीत नसलं तरी पत्त्यावरून शोधता येतं. तुमचं काम त्यानेच होणार आहे.

तुमच्या भागात होजिअरीचे कामगार आणि बुटांच्या कारखान्यात चामडं कापणारे भेटतील, कारण लेस्टर त्यावरच जगत होतं. बायकांच्या नावापुढे बहुतेक ठिकाणी "बिनपगारी घरकाम" असा शेरा असेल. तो वाचून मला दर वेळी राग यायचा. पाच माणसांचं शिधापत्रिकेवरचं रेशन पुरवून पुरवून वापरणारी बाई आणि तिच्यापुढे एवढेच दोन शब्द! तुमच्या पाट्यांवर या बायकांची नावं घरमालकाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहा, ही माझी मनापासून विनंती.

काही ओळींवर काळी पट्टी दिसेल. जन्माला शंभर वर्षं झालेली नाहीत आणि मृत्यूची नोंद जोडलेली नाही, अशांची नावं झाकलेली असतात. म्हणजे १९३९ मधली बरीचशी मुलं पट्टीखाली आहेत. काही स्त्रियांच्या आडनावावर काट मारून वर दुसरं आडनाव लिहिलेलं असेल. नंतर हीच वही राष्ट्रीय आरोग्य सेवेने वापरली, त्यामुळे लग्नानंतरची नावं तिच्यात चढवली गेली. वराकडचं आडनाव असं आयतं मिळालं की माणसाचा पुढचा माग काढणं फार सोपं होतं.

मात्र १९३९ म्हणजे १९४५ नव्हे. मधल्या सहा वर्षांत माणसं हलली, काही सैन्यात गेली, काही मेली. म्हणून दुसरा आधार घ्यायचा मतदारयादीचा. युद्धाच्या वर्षांत याद्या झाल्याच नाहीत. १९४५ च्या जुलैत निवडणूक होती म्हणून त्या वर्षी नव्या झाल्या, आणि त्यांत सैन्यात असलेल्यांची नावं वेगळी दिलेली आहेत. दोन्ही कागद शेजारी ठेवलेत की घर क्रमांक अमुक मधला १९३९ चा विशीतला मुलगा १९४५ मध्ये सैनिकांच्या यादीत सापडतो, किंवा कुठेच सापडत नाही. या याद्या लेस्टरशायरच्या अभिलेखागारात विचारा. जायच्या आधी फोन करून वेळ ठरवा. आणि घरांचे क्रमांक बदललेले नाहीत ना, हे त्या काळच्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या (ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याच्या) नकाशावर ताडून बघा. ते नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. क्रमांकाची खात्री केल्याशिवाय कोणाच्या दारावर कोणाचंही नाव लावू नका.

आता हायफिल्ड्सविषयी, कारण तुमची गल्ली साधी नाही. कॉव्हेंट्री बेचिराख झालं १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री. त्यानंतर पाचच दिवसांनी, १९ नोव्हेंबरला, लेस्टरवर बॉम्ब पडले आणि सगळ्यांत जास्त मार हायफिल्ड्सने खाल्ला. शहरात शंभरावर माणसं गेली. तुमच्या ओळीत मध्येच वेगळ्या विटांचं, नंतर बांधलेलं घर असेल तर तिथे जरूर थांबा. कॉमनवेल्थ युद्ध स्मशान आयोगाच्या यादीत सैनिकांबरोबर हवाई हल्ल्यात मेलेले नागरिकही आहेत, साठ हजारांहून जास्त. त्या नोंदीत माणूस राहायचा कुठे आणि मेला कुठे, दोन्ही पत्ते असतात. कित्येकदा दोन्ही एकच असतात. तुमच्या रस्त्याचं नाव घालून शोधा. काही सापडलं तर त्या दारावरची पाटी पताकांच्या खाली नको, थोडी बाजूला, वेगळी लावा.

याच भागात, हायफिल्ड स्ट्रीटवर, १८९८ पासून ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. त्यामुळे नोंदवहीत ज्यू कुटुंबं मिळू शकतील, जर्मनी-ऑस्ट्रियातून जीव वाचवून आलेलेही मिळू शकतील. हिटलरपासून पळून आलेल्या अशा हजारो लोकांना ब्रिटिश सरकारने १९४० च्या उन्हाळ्यात "शत्रुराष्ट्राचे नागरिक" म्हणून आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावण्यांत कोंडलं होतं. त्यांच्यापैकी कोणी तुमच्या गल्लीतलं असेल तर तेही पाटीवर यायला हवं. ती माणसंसुद्धा याच गल्लीची होती.

आता सासूबाईंचा प्रश्न. संबंध आहे, आणि तुमच्या शहरापुरता तर फारच जवळचा आहे. लेस्टरशायर रेजिमेंटची पहिली बटालियन डिसेंबर १९४१ मध्ये मलायात जपान्यांशी लढली ती ११ व्या भारतीय डिव्हिजनमध्ये. तिच्या ब्रिगेडमध्ये पंजाबी आणि जाट पलटणी होत्या. जित्राच्या लढाईत बटालियनची इतकी हानी झाली की दुसऱ्या एका इंग्लिश बटालियनशी तिची मोट बांधावी लागली. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं आणि उरलेले कैदी झाले. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना सयाम-बर्माच्या (थायलंड ते ब्रह्मदेश) रेल्वेवर राबवलं गेलं. याच रेजिमेंटची दुसरी बटालियन १९४४ मध्ये चिंडिट तुकड्यांत (जपान्यांच्या पिछाडीला घुसून लढणाऱ्या) ब्रह्मदेशच्या जंगलात होती. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मणिपूरच्या सांगशाकला आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन जपान्यांना अडवत होती. ब्रिटिशांच्या ज्या चौदाव्या सैन्याने ब्रह्मदेश परत घेतला, त्यात बहुसंख्य सैनिक हिंदुस्थानी होते. लेस्टरशायर रेजिमेंटच्या टोपीवरच्या बिल्ल्यात वाघ आहे आणि त्याच्यावर "हिंदुस्तान" अशी अक्षरं आहेत, एकोणिसाव्या शतकातल्या त्यांच्या हिंदुस्थानातल्या नोकरीबद्दल मिळालेली. आपल्या देशावर राज्य करायला आलेली ती फौज होती, हे मी विसरत नाही, आणि सासूबाईंनीही विसरू नये. पण जित्राच्या चिखलात लेस्टरचा होजिअरी कामगार आणि पंजाबचा शेतकरी एकाच फळीत उभे होते, हेही तितकंच खरं आहे.

म्हणूनच मला तुम्हाला आणखी एक सुचवायचंय. ८ मे १९४५ ला दुपारी तीन वाजता चर्चिल रेडिओवर बोलले आणि रस्ते माणसांनी भरले. लाल-पांढऱ्या-निळ्या पताकांचं कापड त्या महिन्यात कुपनाशिवाय मिळत होतं. पण लेस्टरमध्ये त्या दिवशी अशी घरं होती, ज्यांचा मुलगा अजून जपान्यांच्या कैदेत होता. जिवंत आहे की नाही, हेही काहींना माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी युद्ध संपलं १५ ऑगस्टला, आणि तेव्हाही मुलगा घरी येईलच असं नव्हतं. दरवर्षी उत्सव होतो तो मे महिन्याचा. ऑगस्ट मागे पडतो. तुमच्या गल्लीत असं एखादं घर निघालं, तर त्याची पाटी मेमध्ये लावू नका. १५ ऑगस्टला लावा. माउंटबॅटन यांनी हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी हीच तारीख निवडली, ती जपानच्या शरणागतीचा दुसरा वाढदिवस म्हणून. त्या दिवशी तुमच्या घरी झेंडा असेलच, गोडधोड असेलच. शेजाऱ्यांना बोलवा आणि सासूबाईंच्या हातून ती पाटी लावून घ्या.

कैद्यांची जपान्यांनी भरलेली कार्डं लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. नाव मिळालं की तिथे शोधा.

शेवटची सूचना मात्र नीट पाळा. १९४५ ची लहान मुलं आज ऐंशी-नव्वदीत आहेत, हयात असू शकतात. त्यांचं नाव दारावर लावण्याआधी त्यांची किंवा घरच्यांची परवानगी घ्या. त्यांना बोलवा, खुर्ची द्या, ऐका. आणि १९४५ वरच थांबायलाही हवं असं नाही. १९७२ मध्ये युगांडातून हाकललेल्या आशियाई कुटुंबांनी लेस्टरला येऊ नये म्हणून नगरपालिकेने तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. तरी हजारो जण आले. त्यांतलं एखादं कुटुंब तुमच्याच घरात राहून गेलं असेल. शेजारच्या गुजराती आजींना विचारा, त्यांना नोंदवहीपेक्षा जास्त माहीत असेल.

प्रश्न : आमच्या गावात (सातारा जिल्हा) चावडीच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आहे. गावातून किती माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली आणि किती मेली, एवढाच आकडा तिच्यावर आहे. नावं नाहीत. माझे पणजोबा त्यांत होते असं घरात सांगतात. नावं मिळतील का?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : अशा पाट्या सरकारने सैनिक देणाऱ्या गावांत ठिकठिकाणी बसवल्या. तुमच्या जिल्ह्यातलं अपशिंगे (मिलिटरी) हे गाव तर त्या युद्धात मरण पावलेल्या ४६ जणांसाठी ओळखलं जातं. पाटीवर आकडा आहे आणि नावं नाहीत, याचं तुम्हाला वाईट वाटलं. मलाही वाटतं. परदेशातल्या मोठ्या स्मारकांवरही असंच झालं. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकाच्या भिंतीवर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदुस्थानी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा. या भेदभावाबद्दल युद्ध स्मशान आयोगाने २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली.

पणजोबा परत आले नसतील तर त्याच आयोगाच्या संकेतस्थळावर शोधा. शिपायांच्या नोंदीत बऱ्याचदा वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. नुसतं आडनाव घालून थांबू नका. साहेबाच्या कारकुनाने कानाला लागेल तसं लिहिलंय. जाधवचं जाधाव होतं आणि गावाचं नाव तर ओळखूही येत नाही. इंग्रजी स्पेलिंग निरनिराळी करून बघा, "सातारा" घालून बघा. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) तुर्कांनी घातलेल्या कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं आणि त्यानंतर कैदेतही पुष्कळ शिपाई मेले. तुमच्या गावच्या मृतांपैकी काही तिथले असण्याचा संभव आहे.

पणजोबा परत आले असतील तर हा मार्ग उपयोगाचा नाही. मग घरातली पेटी उघडा. पेन्शनचा कागद, पलटणीचा दाखला, फोटोच्या पाठीमागचा शिक्का, काहीही चालेल. पदक असेल तर त्याची कड बघा. पहिल्या युद्धातल्या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत असते. भिंग घ्या, दिवसाच्या उजेडात बघा, दिसेल तसं उतरवून काढा आणि मला पाठवा. चिंच किंवा रांगोळी लावून घासू नका, अक्षरं झिजतात.