व्याकरण बरोबर असूनही माझी कथा रटाळ वाटते असं सगळे म्हणतात. दिवाळी अंकाला पाठवण्याआधी काय सुधारू?

आधी कथेतला एक परिच्छेद घ्या आणि फक्त वाक्यांचे शेवट मोठ्यानं वाचा. दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा मी वाचते. नव्या लेखकांच्या पहिल्याच पानावर बहुतेक वेळा हे दिसतं: होता, होती, होतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे भूतकाळात लिहायला बसलं की प्रत्येक वाक्य एकाच ठेक्यावर येऊन आदळतं. चूक काहीच नसते, पण वाचणारा पेंगायला लागतो.

समजा तुम्ही लिहिलंय: ‘दुपारची वेळ होती. एसटी स्टँडवर गर्दी नव्हती. बाकावर एक म्हातारी बसली होती. तिच्या हातात पिशवी होती. ती गाडीची वाट पाहत होती.’

आता हे बघा: ‘एसटी स्टँडवर दुपारचा शुकशुकाट. मांडीवरची पिशवी घट्ट धरून एक म्हातारी आत येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी न्याहाळत होती.’ पहिल्या वाक्याला क्रियापदच नाही आणि ते कुठे खटकतही नाही, कारण आपण बोलतो असंच. ती वाट पाहतेय हे वेगळं सांगावंही लागलं नाही.

याहून मोठा ऐवज म्हणजे आपली संयुक्त क्रियापदं. ‘तिनं जमीन भावाला दिली’ ही नुसती बातमी झाली. ‘देऊन टाकली’ म्हटलं की तिला कटकट नको होती. ‘देऊन बसली’ म्हटलं की आता ती हात चोळतेय, आणि पुढची गोष्ट तिथूनच सुरू होते. एवढ्यासाठी मनःस्थितीच्या वर्णनात अर्धं पान घालवलेलं दिसलं की मला खरंच वाईट वाटतं. तेच लेखक फोनवर ‘बोलून गेला’, ‘करून ठेवलंय’ किती सहज म्हणत असतील!

संवाद त्या माणसाच्या तोंडी शोभतील असेच ठेवा. खेड्यातली म्हातारी पुस्तकी बोलली की तिच्यावरचा विश्वास उडतो.

शुद्धलेखन सगळ्यात शेवटी तपासा, पण तपासाच. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम, १९७२ ची भर धरून, अवघे अठरा आहेत. ‘गरीब’चं ‘गरिबाला’ होतं, ‘शरीर’चं मात्र ‘शरीराला’च राहतं, कारण तो संस्कृतातून जसाच्या तसा आलाय. सर्रास सुटतो तो अनुस्वार: ‘आजोबानी’ नव्हे, ‘आजोबांनी’.

अंक दिवाळीत निघत असला तरी कथांची निवड पावसाळ्यातच सुरू होते, तेव्हा लवकर पाठवा. एकच कथा एकदम दोन अंकांना देऊ नका. मजकूर युनिकोडमध्ये द्या. छपाईसाठी तो जुन्या फॉन्टमध्ये बदलला तर रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, म्हणून कथा स्वीकारल्याचं कळलं की प्रूफ मागून घ्या.