उत्तर येतं, पण वर्गात तोंड उघडत नाही

‘लेखी परीक्षेत उत्तम गुण, आणि वर्गात विचारलं की मिठाची गुळणी!’ भाषा शिकवणारे शिक्षक आणि पालक, दोघांकडूनही ही तक्रार सतत ऐकू येते. अशाच एका नववीतल्या मुलीला तिच्या सरांनी माझ्याकडे पाठवलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सुरुवातीला ती माझ्याशीही जेमतेम बोले. मी आग्रह केला नाही. आग्रहाने मूल आणखी मिटतं, असं माझं ठाम मत आहे. एकदा सहज म्हटलं, “प्रश्न आला की काय काय होतं, क्रमाने सांगशील?”

“आधी सर माझं नाव घेतात. मग सगळे वळून बघतात. मग प्रश्न नीट ऐकूच येत नाही.”

“आणि ऐकू आला तर?”

“उत्तर येतं. वाक्य जुळवते. तोवर सर पुढे गेलेले असतात.”

गाठ सुटली ती इथे. लाजाळू, आत्मविश्वास कमी, ही सगळी लेबलं गळून पडली. उत्तर तिच्यापाशी होतं, वेळ नव्हता. नव्या भाषेत आधी प्रश्न उमजायचा, मग शब्द शोधायचे, क्रियापदाचं रूप बसवायचं, आणि हे सगळं चाळीस जणांसमोर. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबत. ते तीन सेकंद थांबू लागल्यावर उत्तरं लांबली आणि मागे राहणारी मुलंही बोलू लागली. भाषेच्या तासाला मला तीन सेकंदही तोकडे वाटतात.

“थांबलो तर वर्ग कलकलाट करतो,” सर म्हणाले. रास्त आहे. म्हणून त्या वेळात हाताला काम द्यायचं. प्रश्न फळ्यावर लिहा. एक मिनिट प्रत्येकाने वहीत एक वाक्य लिहायचं, दोन मिनिटं शेजारच्याला वाचून दाखवायचं, आणि मगच कुणाचं तरी नाव घ्यायचं. पहिले तीन-चार आठवडे वहीतून वाचलं तरी ते बोलणंच धरा. पुढे वाक्याऐवजी तीनच शब्द लिहू द्या, म्हणजे वाक्य बोलता बोलता जुळवावं लागतं.

बाकांच्या ओळीने विचारू नका. मूल आपला नंबर मोजतं, तेवढंच वाक्य घोकतं आणि बाकी तास वाया जातो. जोडीला वर्गातलं सगळ्यात बोलकं मूल दिलंत, तर तेच दोघांचं बोलून टाकतं. थोडंसंच पुढे असलेलं बरं. चूक वाक्याच्या मध्येच सुधारू नका. वाक्य संपल्यावर बरोबर रूप आपल्या बोलण्यातून ऐकवा. तेही पुष्कळदा मुलांच्या ध्यानात येत नाही, म्हणून तासाच्या शेवटी दोन-तीन चुका नाव न घेता फळ्यावर घ्या.

आणि पहिल्या उत्तराला टाळ्या तर मुळीच नकोत, सगळे डोळे पुन्हा तिच्यावरच! सरांनी तिच्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढून वर्गाला विचारला. याहून चांगली शाबासकी मला सुचली नसती.

मात्र घरी मोकळं बोलणारं मूल शाळेत महिन्याहून जास्त काळ कुणाशीच, अगदी मित्रांशीही बोलत नसेल (शाळेचा अगदी पहिला महिना यात धरू नका), तर वर्गातल्या या उपायांवर थांबू नका, बालमानसतज्ज्ञांना दाखवा.