पडद्याची दोरी

पोरी,

अनेक आशीर्वाद. 'सिंगिंग इन द रेन' या १९५२च्या हॉलिवूडच्या गाण्यानाचाच्या सिनेमावरचा तुझा लेख वाचला. त्यात 'अप्रतिम' सात वेळा आलंय, पेन्सिलीने गोल करून ठेवलेत. सिनेमा अप्रतिम आहेच, त्याबद्दल तंटा नाही. पण लेखात मला नायक डॉन झालेल्या जीन केलीचा पाऊस कुठे दिसला नाही, तुझा आनंद तेवढा दिसला.

पाऊस दाखवायचा तर तो माणूस काय करतो ते सांग. मुलीला दारापर्यंत सोडतो, ताटकळलेल्या गाडीला हातानेच 'जा' म्हणतो आणि थोडं चालून छत्री मिटतो. छत्री असून भिजतो, गंमत त्यात आहे. मग एक पाय फुटपाथवर, एक खाली रस्त्यावर असा लंगडत जातो. पन्हळीखाली तोंड वर करून उभा राहतो. डबक्यात अशा उड्या मारतो की शाळा नुकतीच सुटली असावी. पोलीस दिसला की ओशाळतो आणि जाता जाता छत्री एका अनोळखी माणसाच्या हातात देऊन टाकतो. हे चित्रित झालं दिवसा, वर ताडपत्र्या ताणून रात्र केलेली, आणि केलीच्या अंगात १०३ ताप. हे कळलं तरी पाऊस खोटा वाटत नाही, हे त्याच्या पायांचं श्रेय. 'गुड मॉर्निंग'च्या नाचात १९ वर्षांच्या डेबी रेनल्ड्सच्या पायांतून रक्त आलं होतं. पडद्यावर ती खिदळत सोफ्यावरून पलीकडे जाते.

दुसरं, तू पटकथेला 'सहज सुचलेली' म्हटलंयस. मुळीच नाही. निर्माता आर्थर फ्रीड तरुणपणी गीतकार होता. त्याची नि नेसिओ हर्ब ब्राऊनची जुनी गाणी एम.जी.एम. स्टुडिओकडे पडून होती. ती वापरून सिनेमा लिहा, असं बेटी कॉम्डन आणि अडॉल्फ ग्रीनला सांगितलं गेलं. म्हणजे आधी बटणं हातात, मग त्यांच्या मापाचा सदरा. गाणी बोलपट आले त्या सुमाराची, म्हणून गोष्टही १९२७ सालात नेली. तिथे त्यांना खरं घबाड सापडलं. झुडपात लपवलेला माइक, नटीने मान वळवली की गायब होणारा आवाज, मग माइक तिच्या कपड्यांत शिवल्यावर ऐकू येणारी तिची धडधड, आणि शेवटी 'ही वायर कसली?' म्हणून स्टुडिओच्या मालकानेच ती ओढून नटीला उताणी पाडणं. विनोद बाहेरून आणलेला नाही, यंत्राच्या अडचणीतून निघालाय. यावर तू दोनच ओळी लिहिल्यास. तिथे पानभर लिही.

(एक नवं गाणंही आहे, 'मेक 'एम लाफ'. त्याची चाल संगीतकार कोल पोर्टरच्या 'बी अ क्लाऊन'ची सख्खी बहीण. ते गाणं १९४८च्या 'द पायरेट'मधलं, आणि तोही फ्रीडचाच सिनेमा! पण डॉनचा मित्र झालेला डॉनल्ड ओ'कॉनर भिंतीवर चढून कोलांटी मारतो तेव्हा चोरी कोणाला आठवते?)

आता खोट. लांबलचक 'ब्रॉडवे' बॅले कथेला थांबवून ठेवतो. नर्तिका सिड शरीस हिरव्या कपड्यांत येते, पाहणाऱ्याला गार करते आणि जाते. गोष्टीत तिला जागाच नाही. संगीत नाटकात वन्स मोअर पडला की कथानक विंगेत वाट पाहत उभं राहायचं, तसंच. बॅले संपल्यावर मालक म्हणतो की मला काही डोळ्यासमोर येत नाही. लेखकांना खोट माहीत होती, त्यांनी ती विनोदात खपवली. हे मी माफ करते.

पुढचं नाही करत. लीना नावाच्या नटीसाठी कॅथी, म्हणजे डेबी, पडद्यामागून आवाज देते, आणि श्रेय कॅथीला मिळायला हवं, ही या सिनेमाची नीती. पण 'वुड यू' हे गाणं डेबीच्या तोंडी ऐकू येतं ते बेटी नॉइस या गायिकेच्या आवाजात, आणि तिचं नाव श्रेयनामावलीत नाही. शिवाय कॅथी लीनाचे संवाद डब करते तिथला आवाज खुद्द जीन हेगनचा, म्हणजे जी लीना झाली तिचाच! आपल्याला हे जवळून कळायला हवं. तीनच वर्षं आधी, १९४९ साली, 'महल'मधल्या लताबाईंच्या गाण्याच्या रेकॉर्डवर नाव छापलं होतं 'कामिनी', पात्राचं.

आणि शेवट तू 'न्याय झाला' म्हणून संपवलायस. पुन्हा बघ. लीना माईकसमोर ओठ हलवतेय, मागे कॅथी गातेय आणि पडद्याची दोरी ओढताहेत तीन पुरुष. कॅथीला आधी विचारलेलं नाही. ती रडत प्रेक्षकांमधून पळते, तेव्हा डॉन तिला थांबवतो. लीना दुष्ट आहे, मान्य. पण अख्ख्या स्टुडिओत स्वतःचा करार नीट वाचलेली तीच एक! जीन हेगनने तिला इतकं जिवंत केलं की ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि सिनेमाने तिला हशाच्या तोंडी दिलं. पहिल्या भेटीत डॉनला फटकारणारी कॅथी पुढे गरीब गाय कशी होते, हेही लिही.

तो पडद्याचा प्रसंग एकदा आवाज बंद करून बघ, फक्त हात बघ. मग लेख दुरुस्त करून शनिवारपर्यंत धाड. चष्मा नवा केलाय, अक्षर बारीक असलं तरी चालेल.

तुझी,
मावशी