साडेतीन वर्षांची मुलगी तक्त्यावरचे सगळे आकार सांगते, पण टोक खाली असलेला त्रिकोण ओळखत नाही. आकार शिकवायचे तरी कसे?

तुम्ही लिहिलंय की मुलगी भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून 'सर्कल, स्क्वेअर, ट्रँगल' घडाघडा म्हणते. पण समोशाला त्रिकोण म्हणायला तयार नाही, उलटा धरलेला त्रिकोण तिला 'दुसरंच काहीतरी' वाटतो, आणि शाळेतून डायरीत 'घरी सराव घ्यावा' असा शेरा आलाय. मी तालुक्याच्या गावात बावीस वर्षं बालवाडी चालवली. आधी हे सांगते की मुलगी चुकत नाहीये. तिला तक्ता शिकवला, ती तक्ता शिकली.

सगळ्या तक्त्यांवर त्रिकोण एकच असतो, बघा. तिन्ही बाजू सारख्या, बूड खाली, टोक वर. या वयाची मुलं बाजू आणि कोपरे मोजून आकार ओळखत नाहीत, आजोबांना ओळखतात तसा एकदम ओळखतात. फरक इतकाच की आजोबा तिने बसलेले, झोपलेले, पाठमोरे, टोपी घातलेले असे सगळे पाहिलेत. त्रिकोण मात्र एकाच पासपोर्ट फोटोत. नेदरलँड्समधल्या पिएर आणि डिना व्हॅन हिले या शिक्षक जोडप्याने १९५७ मध्ये भूमितीची समज कशी पायऱ्यापायऱ्यांनी येते ते मांडलं. त्यातली सगळ्यात खालची पायरी हीच, नुसत्या दिसण्यावरून ओळखण्याची. तुमची मुलगी जिथे असायला हवी तिथेच आहे.

माझ्याही वर्गात सुरुवातीला तक्ता होता. पावसाळ्यात त्याची एका बाजूची चिकटपट्टी सुटली, तक्ता एका कोपऱ्यावर लोंबायला लागला, आणि एक मुलगा रडवेला होऊन सांगत आला, 'ताई, चौकोनाची शंकरपाळी झाली!' मी हसले, आणि मग दिवसभर तेच डोक्यात घोळत राहिलं. महिनाभर मी शिकवलेला चौरस जरा कलला तर नाहीसा होत होता. तक्ता काढून ठेवला तो पुन्हा लावला नाही.

तक्त्याऐवजी काय, हा तुमचा खरा प्रश्न. जाड पुठ्ठ्याचे आकार कापा. त्रिकोण एक नको, सात-आठ हवेत: लांबोडका, बुटका, एका बाजूला झुकलेला, सुरीसारखा बारीक. सगळे एकाच रंगाचे ठेवा, नाहीतर मूल आकाराऐवजी रंग लक्षात ठेवतं. ते जमिनीवर पसरायचे आणि तिला समोरून, बाजूने, मागून बघू द्यायचे. आणि त्यात एक-दोन तोतये घुसवायचे: एक बाजू फुगलेला, एक कोपरा गोल केलेला, तीन रेघा पण तोंड उघडं राहिलेला. 'हा आपल्या घरातला आहे का?' असं विचारलं की मुलं खूष होऊन तोतयाला हाकलतात. त्रिकोण काय आहे हे मुलांना त्रिकोण काय नाही त्यावरून जास्त कळतं, असं माझं मत झालंय. आणि त्या हिशेबाने, फुगीर पोटाच्या समोशाला त्रिकोण न म्हणणारी तुमची लेक मला हुशारच वाटते!

आता नावांचं. इथे मराठी घरात एक गोंधळ असतो, त्याकडे कुणी बघत नाही. चार कोपऱ्यांच्या कुठल्याही आकाराला आपण सरसकट चौकोन म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. चौरस हा चौकोन, आयत हाही चौकोन, शंकरपाळीही चौकोनच. पण शाळेत 'स्क्वेअर' म्हणजे फक्त चौरस. आजी दाराला चौकोन म्हणते, मूल शाळेत दाराला स्क्वेअर म्हणतं, आणि तिथे लाल फुली मिळते. चूक कुणाचीच नाही, दोन शब्दांची मापं वेगळी आहेत. तसंच 'गोल'. चेंडू गोल, बांगडीही गोल. पुढे गणिताच्या पुस्तकात चेंडूला गोल आणि बांगडीला वर्तुळ म्हणतील. आत्ताच शब्द दुरुस्त करत बसू नका. घरी चौकोन म्हणू द्या, फक्त तुमच्या तोंडात चौरस आणि आयत हे शब्द येऊ द्या, मुलं आपोआप उचलतात. 'चौरसाला आयत म्हणायचं का' हा वाद तर पाचवी-सहावीपर्यंत उकरूच नका. (म्हणायचं. चारही कोन काटकोन असले की झालं.)

नाव शिकवताना आपण पालक एक घाई करतो. आकार हातात घेतला की लगेच 'हे काय आहे, सांग?' माँटेसरीबाईंच्या पद्धतीत हा प्रश्न तिसरा येतो. आधी नुसतं सांगायचं: हा त्रिकोण, हे वर्तुळ. मग 'त्रिकोण मला दे', 'वर्तुळ उशीखाली लपव', 'त्रिकोणावर उभी राहा'. हा मधला खेळ दिवसचे दिवस चालू दे. आणि हे सगळं न चुकता होऊ लागलं की मगच 'हे काय?' चुकली तर 'नाही' म्हणू नका, पुन्हा पहिल्या पायरीवर या. सेगँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांची ही मूळ रीत, माँटेसरींनी ती उचलली. त्यांचं दुसरं सांगणं म्हणजे दोन बोटांनी कड फिरवायची. डोळे मिटून पुठ्ठ्याच्या कडेवरून बोटं फिरवली की कोपरा टोचतो, आणि तो मोजला जातो. वर्तुळावर बोट फिरतच राहतं, थांबायला जागा नसते. पोरं खिदळतात त्यावर.

खराट्याचे चार हीर एकाच लांबीचे तोडा आणि कणकेच्या गोळ्यांनी कोपऱ्यांवर जोडा. झाला चौरस. आता त्याला एका कोपऱ्यातून हलकेच दाबायला सांगा. तो कलंडतो, आडवा होतो, त्याची शंकरपाळी होते. तीन हिरांचा त्रिकोण करा आणि तोही दाबा. हलत नाही. पोरगी बघत राहील! म्हणूनच छपराच्या कैच्या त्रिकोणी असतात, पण ते तिला सांगायची गरज नाही, हाताला कळलं तेवढं पुरे. तुम्ही मात्र एक लक्षात ठेवा. नुसता फिरवलेला चौरस शंकरपाळीसारखा दिसला तरी चौरसच राहतो, दाबलेला राहत नाही. दाबल्यावर दोन कोपरे अणकुचीदार होतात आणि दोन बोथट. माझ्या त्या लोंबत्या तक्त्यावरचा चौरस खरं तर शाबूत होता.

हा खेळ माझ्या डोक्यातला नाही. बालवाडीची कल्पना ज्यांच्यापासून सुरू झाली त्या जर्मनीच्या फ्रोबेलने भिजवलेले वाटाणे आणि काड्या जोडायचं काम मुलांना दिलं होतं. अमेरिकेतले बकमिन्स्टर फुलर लहानपणी डोळ्यांनी फार अधू होते. १८९९ मध्ये बालवाडीत बाईंनी वाटाणे-काड्या दिल्यावर बाकीच्या मुलांनी पाहिलेल्या घरांसारखे चौकोनी सांगाडे केले. यांना घरं नीट दिसतच नव्हती, त्यामुळे हाताला जे घट्ट लागलं ते केलं, आणि ते निघाले त्रिकोण. पुढे त्रिकोणांच्या जाळीचे घुमट बांधून ते जगभर गाजले. वाटाण्याऐवजी मी कणीक का म्हणते, तर एका वर्षी वर्गातल्या एकीच्या नाकात वाटाणा गेला, आणि तो काढायला तिला दुचाकीवरून दवाखान्यात न्यावं लागलं. वाटाणा नाकात फुगतो. कणीकच बरी.

स्वयंपाकघरात मात्र धडे घेऊ नका, नुसतं बोलत राहा. घडीची पोळी करताना तिला ओट्याजवळ स्टुलावर उभी करा. लाटलेली पुरीएवढी पोळी वर्तुळ. तेल लावून दुमडली की करंजीसारखी अर्धी. पुन्हा दुमडली की ती म्हणेल, त्रिकोण! तिथे थांबून विचारा, 'या कडेवरून बोट फिरव बरं, सरळ आहे का?' नसते. दोन कडा सरळ, तिसरी वाकडी, म्हणजे हाही तोतयाच. शंकरपाळ्या करताना कातणं तिच्या हातात द्या. आधी उभ्या रेघा, मग तिरक्या. तिरकी रेघ सरळ आडवी मारली की शंकरपाळीऐवजी वडी होते, हे ती स्वतः शोधून काढेल. थोड्या वाया जातील, जाऊ द्या.

शाळेच्या शेऱ्याबद्दल एक. ओळखणं वेगळं आणि काढणं वेगळं. साधारण तीन वर्षांचं मूल बघून वर्तुळ काढतं, चौरस चार-साडेचारला जमतो, त्रिकोण पाचच्या सुमारास, आणि शंकरपाळी सहा-सातला, कारण तिरक्या रेघा हाताला अवघड. साडेतीन वर्षांच्या मुलीकडून वहीत त्रिकोण काढून मागत असतील तर बाईंना शांतपणे सांगा की हात अजून तयार नाही. भांडू नका, त्यांनाही वरून पानं संपवायची असतात.

उलट्या त्रिकोणासाठी माझा हुकमी उपाय शेवटी सांगते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला महागडी साधनं बाजूला ठेवून शंखशिंपले, बिया, खडे यांवर बालवाडी उभी केली. तो सगळा वारल्यांचा मुलूख. वारली चित्रातला माणूस पाहिलाय ना? दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर डोक्याचा गोल, काड्यांचे हातपाय. खालचा त्रिकोण तक्त्यासारखा बसलेला, आणि वरचा, छातीचा, टोकावर उभा. तुमच्या पुठ्ठ्यातले एकसारखे दोन त्रिकोण तिला द्या आणि एक बाई नाचवायला सांगा. पहिल्यांदा ती दोन्ही त्रिकोण सरळच ठेवेल, आणि बाईची कंबरच दिसणार नाही. तुम्ही गप्प राहा. माझ्या वर्गात बहुतेक मुलं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला वरचा त्रिकोण स्वतःच फिरवायची.