दोन फुटी टँकमध्ये मासे मावतात तरी किती?

प्रश्न : आमचा टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच आहे. मुलीच्या हट्टापायी तीन आठवड्यांपूर्वी नवा टँक भरला आणि दुसऱ्याच दिवशी सहा गोल्डफिश आणले, प्रत्येकी जेमतेम दीड इंचाचे. चार लिटरला एक इंच मासा असा हिशोब वाचला होता, त्यात ते आरामात बसत होते. तरी दोन मेले, पाणी गढूळलंय आणि उरलेले सारखे वर येऊन तोंड उघडबंद करतात. आमचं गणित कुठे चुकलं?

उत्तर : बेरीज बरोबर आहे हो, पण इंच चुकीचे धरलेत. तो हिशोब आज आणलेल्या पिल्लाच्या लांबीवर नाही करायचा, मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो त्यावर करायचा, आणि गोल्डफिश साधा लांबट असेल तर आठ-दहा इंच सहज होतो, गोल पोटाचे फॅन्सीवालेसुद्धा सहा इंचाच्या पुढे जातात. शिवाय हा नियम निऑन टेट्रासारख्या बारीक, छोट्या माशांसाठीच ठीक आहे. कारण लांबी चौपट झाली की वजन होतं चौसष्टपट! घाण काही अगदी चौसष्टपट होत नाही, पण चौपटीवर नक्कीच थांबत नाही.

आणि तुमचे मासे मेले ते मात्र गर्दीपेक्षा घाईमुळे. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, एक जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी, नायट्रेट त्यामानाने गरीब. हे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात, तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी होतेच कुठे ते? नायट्राइटमुळे रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही, म्हणून पाण्यात ऑक्सिजन असूनही मासे धापा टाकतात.

आत्ता करायचं ते असं की रोज साधारण पाव ते एक तृतीयांश पाणी बदला (क्लोरीन काढलेलं, टँकएवढ्याच तापमानाचं), खाणं निम्म्यावर आणा आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. मी सुरुवातीला एकदा तो चकाचक पांढरा होईस्तोवर नळाखाली धुतला होता आणि स्वतःवर जाम खूश होतो, चौथ्या दिवशी पाच मासे तरंगत होते. काढलेल्या टँकच्याच पाण्यात बादलीत दोनदा पिळायचा, बास. उरलेले चार गोल्डफिश मोठा टँक किंवा हौद असलेल्या कुणाला देऊन टाका, पण नदी-तळ्यात सोडू नका, तिथले मूळचे मासे आणि झाडं त्याने धोक्यात येतात.

आता मूळ प्रश्न. टँक ६० × ३० × ३८ सेंटीमीटर धरला तर गुणाकार भागिले १००० म्हणजे ६८ लिटर, पण तो कागदावर. काचेची जाडी, खडे, वरची रिकामी जागा वजा केली की ५५ लिटर उरतं. खरं तर पहिल्यांदा भरताना बादल्या मोजाव्यात, सगळ्यात भरवशाचं. ५५ भागिले चार म्हणजे साधारण १४ इंच. दुसरा जुना हिशोब पृष्ठभागाचा, दर १२ चौरस इंचाला एक इंच मासा, कारण ऑक्सिजन वरूनच आत शिरतो. त्याने तुमच्या टँकला २४ इंच येतात! तेवढंच पाणी एक फूट बाय एक फुटाच्या उंच टँकमध्ये भरलं तर १२ येतील. म्हणून मी दोन्ही काढतो आणि लहान आकड्यापासून सुरुवात करतो.

तुमच्याकडे १४ इंच म्हणजे दीड इंची निऑन टेट्रा नऊ. एक-दोन आणू नका, ते घोळक्यात राहणारे, सहापेक्षा कमी असले की कोपऱ्यात दबकून बसतात. आणतानाही आधी सहाच आणा, दोन आठवडे थांबा, मग उरलेले तीन.

त्यापुढे वाढवायचे का ते नायट्रेटच्या टेस्ट किटला विचारा. समजा आठवड्याला नायट्रेट २० पीपीएमने (म्हणजे लिटरमागे २० मिलिग्रॅमने) वाढतं आणि तुम्ही दर रविवारी पाव पाणी बदलता, तर आकडा हळूहळू चढत ८० वर जाऊन टेकतो (८० मधले २० गेले, परत २० आले). अर्धं पाणी बदललं तर ४० वर टेकतो. मला ४० च्या खालीच बरं वाटतं. म्हणजे किती मासे हे शेवटी तुम्ही दर रविवारी किती बादल्या उचलणार यावर आलं, आणि पहिल्या महिन्यातला उत्साह बघून बादल्या ठरवू नका बरं का.

प्रश्न : एअर पंप जोरात लावला तर दुप्पट मासे ठेवता येतील का?

उत्तर : नाही. बुडबुड्यांनी पाणी वर ढवळलं जातं, ऑक्सिजन मिळतो, अमोनिया मात्र तिथेच राहतो. आणि एक लक्षात घ्या, २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच. पंपाच्या जिवावर टँक ठासून भरलेला असेल आणि ऐन उकाड्यात रात्री लाईट गेली, तर सकाळी काय दिसेल ते सांगायला नको.

प्रश्न : चार गप्पी आणले होते, आता मोजता येत नाहीत.

उत्तर : येणारच नाहीत. मादी बहुतेकदा पोटुशीच घरी येते, नर वेगळा काढला तरी साठवलेल्या शुक्राणूंवर काही महिने पिल्लं देत राहते, तीही महिन्याला वीस-तीस सहज. सगळे नरच ठेवा. नर बारीक, रंगीत, पोटाखालचा पर काडीसारखा टोकदार. मादी मोठी, फिकट, तोच पर पंख्यासारखा आणि त्याच्याजवळ काळा डाग. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लांत हे नीट ओळखू येतं, पण तोवर वाट बघू नका, तीन आठवड्यांपासूनच भिंग घेऊन बसा, कारण दीड-दोन महिन्यांपर्यंत नर कामाला लागलेले असतात.